टॅल्बटची भेट आणि तिच्यातला अपवाद



लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये १३ ऑगस्ट १८५२ रोजी दोन पत्रं छापून आली. पहिल्या पत्राखाली दोघांच्या सह्या होत्या. एक रॉयल सोसायटीचा अध्यक्ष लॉर्ड रॉस, आयर्लंडमधल्या आपल्या गढीच्या आवारात सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी करणारा खगोलशास्त्रज्ञ. दुसरा रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष, चित्रकार सर चार्ल्स ईस्टलेक. विज्ञान आणि कला या दोन्ही दरबारांचे मानकरी एकत्र येऊन एका माणसाला गळ घालत होते. कागदावरच्या छायाचित्रणाचा शोध इंग्लंडचा, तोही तुमचा; पण काही बाबतींत फ्रेंच आता आपल्या पुढे निघाले आहेत; पेटंटची पकड सैल केलीत तर ही कला जन्मभूमीतच वाढेल, असा त्या पत्राचा आशय होता. दुसरं पत्र म्हणजे त्या माणसाचं उत्तर. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा विल्टशायरमधल्या लॅकॉक ॲबीचा जमीनदार, गणिती आणि वनस्पतींचा अभ्यासक. छायाचित्रणाची आपली पेटंटं आपण जनतेला भेट म्हणून देत आहोत, असं त्याने कळवलं होतं. एक बाब वगळून.

आजचं व्याख्यान मुख्यतः त्या वगळलेल्या बाबीबद्दल आहे. हक्क सोडणाऱ्याचं मोठेपण सांगताना त्याने किती दिलं हे आपण मोजतो. कुणाला दिलं आणि कुणाला दिलं नाही, हे बहुधा बघायचं राहून जातं. छायाचित्रणाच्या पहिल्या वीस वर्षांत अशा देणग्या अनेकदा दिल्या गेल्या आणि प्रत्येक वेळी रेघ कुठे ओढली गेली यावरून पुढच्या गोष्टी ठरल्या.

ऑक्टोबर १८३३ मध्ये टॅल्बट पत्नीसह इटलीत कोमो सरोवराकाठी होता. ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाचं लोलकाचं एक उपकरण असतं, त्यातून समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो आणि तो पेन्सिलीने गिरवायचा असतो. टॅल्बटला ते काही जमेना. हा देखावा आपणहूनच कागदावर उमटून राहिला तर, असं त्याच्या मनात आलं. घरी परतल्यावर त्याने चांगल्या प्रतीचा लिहिण्याचा कागद आधी मिठाच्या पाण्यात आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवायला सुरुवात केली. ऊन लागलं की असा कागद काळवंडतो. त्याने छोट्या लाकडी पेट्यांना भिंगं बसवून त्या वाड्याभोवती मांडून ठेवल्या. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये त्यातल्या एका सापळ्यात लॅकॉकच्या जाळीदार खिडकीचं चित्र अडकलं. ते टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढं होतं. उजेड तिथे काळं आणि सावली तिथे पांढरं, असं उलटं. पुढे त्याने त्या कागदावर स्वतःच्या हाताने नोंद केली, की चित्र काढलं तेव्हा भिंगातून बघितल्यावर तावदानाचे सुमारे दोनशे काचतुकडे मोजता येत होते. आज हाती असलेली जगातली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ती हीच.

मग त्याने हे काम बाजूला ठेवलं, आणि ते त्याला फार महागात पडलं. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तिचा चिटणीस, खगोलशास्त्रज्ञ आरागो याने जाहीर केलं की लुई दागेर नावाच्या कलावंताने प्रकाशाकडून चित्र काढून घेण्याची युक्ती शोधली आहे. टॅल्बटवर आकाश कोसळलं. दागेरची पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची होती आणि त्याची कागदावरची, पण त्या घटकेला त्याला हे कळायला मार्ग नव्हता. तीन आठवड्यांच्या आत त्याने आपली चित्रं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मांडली, ३१ जानेवारीला रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि पुढच्या महिन्यात कागद कसा तयार करायचा तेही सांगून टाकलं. या पहिल्या पद्धतीचं पेटंट त्याने कधीच घेतलं नाही. टॅल्बटला हावरट ठरवणारे ही गोष्ट विसरतात, म्हणून ती इथे ठसवून सांगायला हवी. त्याची पहिली भेट १८३९ सालची, आणि तिच्यात कसलीही अट नव्हती. त्याला त्याबद्दल सरकारकडून एक शिलिंगही मिळाला नाही.

दागेरला मिळालं. फ्रेंच सरकारने त्याला वर्षाला ६,००० आणि त्याचा दिवंगत भागीदार न्येप्स याच्या मुलाला ४,००० फ्रँकचं निवृत्तिवेतन दिलं आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी ती पद्धत सगळ्या जगासाठी खुली केली. या औदार्याचे गोडवे आजही गायले जातात. पण त्याच्या पाचच दिवस आधी, १४ ऑगस्टला, दागेरच्या वतीने लंडनमध्ये पेटंट काढलं गेलं होतं. म्हणजे सगळ्या जगाला मोकळीक आणि इंग्लंडमध्ये परवाना! पुढे रिचर्ड बियर्ड नावाच्या कोळशाच्या व्यापाऱ्याने ते इंग्लिश हक्क विकत घेतले, धंदा वाढवला, कोर्टकचेऱ्या केल्या आणि १८५० मध्ये दिवाळखोरीत गेला.

१८३९ मधला हा सगळा प्रकार टॅल्बटने पाहिला होता. न मागता दिलं तर हाती काही लागत नाही, आणि मागणाऱ्याला निवृत्तिवेतनही मिळतं, पेटंटही मिळतं. त्यामुळे सप्टेंबर १८४० मध्ये हाती आलेला त्याचा दुसरा शोध पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असताना तो त्याने मुठीत ठेवला, यात नवल वाटत नाही.

हा दुसरा शोध जवळून बघण्यासारखा आहे. कागदावर सिल्व्हर आयोडाइडचा फिकट पिवळा थर द्यायचा. वापरायच्या आधी मेणबत्तीच्या उजेडात त्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक आम्लाचं मिश्रण फिरवायचं. हे आम्ल ज्या फळातून काढत, ते आपल्याकडे आजीच्या बाळघुटीच्या पुरचुंडीत असतं, मायफळ. खरं तर ते फळच नाही. ओकच्या फांदीवर कीटकाने केलेली ती गाठ. लिहिण्याची काळी शाईही त्याचीच करत. तर हा ओलसर कागद कॅमेऱ्यात मिनिटभर, फार तर काही मिनिटं ठेवून बाहेर काढला की कोरा दिसतो. त्यावर पुन्हा तेच मायफळाचं आम्ल फिरवून कागद किंचित उबेला धरला की कोऱ्या कागदातून चित्र वर येऊ लागतं. आधी आकाशाच्या जागी काळा डाग, मग छपराची कड, मग खिडक्या. प्रकाशाने आपलं काम आधीच, डोळ्यांना न दिसता, करून ठेवलेलं असतं. आधीच्या पद्धतीत तासभर लागणारं काम मिनिटावर आलं आणि माणसाचा चेहरा टिपणं शक्य झालं. टॅल्बटने पद्धतीला ‘कॅलोटाइप’ नाव दिलं आणि ८ फेब्रुवारी १८४१ रोजी चौदा वर्षांचं पेटंट घेतलं.

पुढच्या दहा वर्षांचा हिशेब काही सुखाचा नाही. परवाना आधी वीस पौंडांना होता. हौशी मंडळींसाठी तो पुढे चार पौंडांवर आला. धंदेवाईक चित्रकाराला मात्र वर्षाला शंभर पौंड आणि त्याहून जास्त मोजावे लागत. ते देणारे फार थोडे निघाले. टॅल्बटचा पूर्वीचा डच नोकर निकोलास हेनेमन याने रेडिंग गावात छपाईचा कारखाना काढला. टॅल्बटच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकाची छायाचित्रं तिथे उन्हात छापली गेली. १८४४ ते १८४६ या काळात त्याचे सहा भाग निघाले आणि ते थांबलं. अमेरिकेचे हक्क फिलाडेल्फियाच्या लँगनहाइम बंधूंनी १८४९ मध्ये ६,००० डॉलरला घेतले आणि परवाने खपवता खपवता ते जेरीस आले. स्वतः टॅल्बटच्या सांगण्याप्रमाणे या नादात त्याचे सुमारे ५,००० पौंड खर्ची पडले. म्हणजे हे कुंपण आतल्यालाही लाभलं नाही आणि बाहेरच्यालाही.

ते कुंपण स्कॉटलंडच्या सीमेवर थांबत होतं. कॅलोटाइपचं पेटंट इंग्लंडपुरतं होतं, स्कॉटलंडमध्ये ते नोंदवलेलंच नव्हतं. सेंट अँड्रूजला टॅल्बटचा मित्र, भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर राहत असे, आणि त्याच्या पत्रांतून ही विद्या तिथल्या मंडळींपर्यंत पोचली होती. त्यांच्यातल्या रॉबर्ट ॲडमसन या विशीतल्या तरुणाने १८४३ मध्ये एडिंबरात स्टुडिओ थाटला. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि चारशेहून अधिक धर्मोपदेशक पदं सोडून बाहेर पडले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराला या प्रसंगाचं भव्य चित्र काढायचं होतं. एवढे चेहरे रेखाटायचे कधी? ब्रूस्टरने त्याची गाठ ॲडमसनशी घालून दिली. चित्रासाठी कच्चा माल म्हणून सुरू झालेलं हे काम दोघांना भलतीकडेच घेऊन गेलं. न्यूहेवनच्या कोळी वस्तीत जाऊन त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचे घागरे नेसलेल्या, पाठीवर मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, होडीला टेकलेले दर्यावर्दी आणि ढगळ पँट घातलेली पोरं टिपली. साध्या कष्टकरी माणसांची छायाचित्रं इतक्या आदराने काढल्याचं इतकं जुनं उदाहरण क्वचितच सापडेल. ॲडमसन १८४८ च्या जानेवारीत, अवघा सव्वीस वर्षांचा असताना वारला. तोवर दोघांनी तीनेक हजार चित्रं केली होती. परवान्याची फी भरावी लागली असती तर या तरुणाचा स्टुडिओ उघडला असता का, हा प्रश्न मनातून जात नाही. कॅलोटाइपमध्ये झालेलं सर्वांत सुंदर काम त्याच्या मालकाच्या हक्काबाहेरच्या प्रदेशात व्हावं, याची खंत टॅल्बटला वाटली असेल की आनंद? त्या चित्रांकडे पाहताना तरी आनंदच वाटला असावा, असं प्रस्तुत वक्त्याला वाटतं.

१८५१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हाइड पार्कमधल्या काचमहालात भव्य प्रदर्शन भरलं आणि तिथे फ्रेंचांची कागदी छायाचित्रं इंग्रजांच्या डोळ्यांत भरली. दुसरी गोष्ट मार्च महिन्यात ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात छापून आली. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या खाटकाच्या मुलाने लंडनमध्ये चांदीकामाची उमेदवारी केली होती आणि तो शिल्पकार झाला होता. पुतळ्यांसाठी बसणाऱ्यांचे चेहरे टिपायला म्हणून तो छायाचित्रणाकडे वळला, पण कागदाचा खरखरीतपणा चित्रात उतरायचा, ते त्याला खटकत होतं. त्याने काच घेतली आणि तिच्यावर कोलोडियन ओतलं. हे कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन. जखमेवर पापुद्रा धरावा म्हणून डॉक्टर ते वापरत. काच बोटांच्या टोकांवर आडवी धरायची, मधोमध कोलोडियन ओतायचं, काच कलती करत ते चारी कोपऱ्यांना पोचवायचं आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून पुन्हा बाटलीत निथळू द्यायचं. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या भांड्यात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, लगोलग डेव्हलप करायची. एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. त्या काचेवरचा तपशील दागेरच्या पत्र्याइतका स्वच्छ, आणि टॅल्बटच्या कागदाप्रमाणे तिच्यापासून हव्या तितक्या प्रती निघत. आर्चरने ही कृती छापून टाकली आणि तिचं पेटंट घेतलं नाही.

टॅल्बटचं म्हणणं असं की चित्र आधी अदृश्य उमटवायचं आणि मग डेव्हलप करायचं हे तत्त्व त्याचं, तेव्हा कोलोडियनही त्याच्याच हक्कात येतं. एकाने मोकळं सोडलेलं दुसऱ्याच्या कुंपणात सापडलं. रॉस आणि ईस्टलेक यांचं पत्र आलं ते या तापलेल्या वातावरणात.

आता त्या अपवादाकडे येऊ. टॅल्बटने राखून ठेवलं ते एवढंच: लोकांना विकण्यासाठी माणसांची छायाचित्रं काढणं. वरवर पाहता ही लहानशी गोष्ट वाटते. निसर्गदृश्य, वास्तू, शिल्पं, वनस्पती, सूक्ष्मदर्शकाखालचे नमुने, प्रवास असं सगळं मोकळं झालं होतं. पण १८५२ मध्ये छायाचित्रणावर पोट भरायचं तर ते कशावर? चेहऱ्यावरच. पडक्या मठाचं चित्र हौशी सरदार स्वतःसाठी काढत, पण शिलिंग मोजून चित्र घेणारा माणूस स्वतःचं, बायकोचं, दूरदेशी निघालेल्या मुलाचं चित्र मागत होता. त्यामुळे ही भेट पोचली ती वकील, डॉक्टर, जमीनदार, लष्करी अधिकारी अशा सुस्थितीतल्या हौशी माणसांपर्यंत. त्यांना चार पौंड जड नव्हतेच. गल्लीत काचेचं छप्पर बांधून बसलेला कारागीर होता तिथेच राहिला.

याचा अर्थ भेट पोकळ होती असा नाही. तिचे परिणाम ताबडतोब दिसले. डिसेंबर १८५२ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सच्या दालनात निव्वळ छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. जानेवारी १८५३ मध्ये लंडनला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. ईस्टलेक तिचा पहिला अध्यक्ष आणि वकिली शिकलेला रॉजर फेंटन मानद चिटणीस होता. या फेंटननेच १८५५ मध्ये दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी अंधारखोली म्हणून सजवली आणि क्रिमियाच्या रणभूमीवरून साडेतीनशेहून अधिक निगेटिव्ह आणल्या. त्या कोलोडियनच्या काचांवर होत्या. आर्चरचा मोकळेपणा आणि टॅल्बटची अर्धी मोकळीक यांच्या जोडीने हे घडलं.

पण राखलेला कोपरा टॅल्बटने खरोखर राखला. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये टॅल्बट विरुद्ध लारोश हा खटला उभा राहिला. मार्टिन लारोश हा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा छायाचित्रकार. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री सिल्व्हेस्टर. फ्रेंच नावाला गिऱ्हाइकांत वजन होतं. तो कोलोडियनवर चेहरे टिपत असे. तीन दिवस ज्युरीपुढे रसायनशास्त्र चाललं. वादाचा गाभा पुन्हा मायफळापाशी आला होता. टॅल्बट गॅलिक आम्ल वापरतो, कोलोडियनवाले पायरोगॅलिक. पायरोगॅलिक मिळतं गॅलिक तापवूनच. मग दोन्ही एकच की वेगळी? मोठमोठे रसायनतज्ज्ञ दोन्ही बाजूंनी साक्षीला उभे राहिले. ज्युरीने दोन गोष्टी सांगितल्या: पेटंटाच्या अर्थाने टॅल्बटच खरा संशोधक, आणि लारोशने त्याच्या हक्काचा भंग केलेला नाही. टॅल्बटला मान मिळाला, हक्क मिळाला नाही. पेटंटाची मुदत वाढवून मिळावी म्हणून त्याने केलेला अर्ज पुढे रेटला नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये चौदा वर्षं भरली आणि राखून ठेवलेला कोपराही आपोआप मोकळा झाला. अडीच वर्षं आधी त्याने पत्रात आणखी एक ओळ लिहिली असती तर हा खटला, हा मनस्ताप आणि शेकडो कारागिरांच्या मनातली अढी टळली असती. लॅकॉकच्या खिडकीत दोनशे काचतुकडे मोजणाऱ्या माणसाबद्दल आदर बाळगूनही हे म्हणावं लागतं.

आणि आर्चर? ज्याच्या पद्धतीवर हा खटला जिंकला गेला, तो मे १८५७ मध्ये वारला. त्याच्या कोलोडियनवर लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कमधले स्टुडिओ भरभराटीला आले होते. त्याच्या घरात मात्र पैसा नव्हता. चाहत्यांनी वर्गणी काढली, ती ७४७ पौंड जमली. पुढच्याच वर्षी त्याची बायकोही गेली. मागे राहिलेल्या तीन मुलांना सरकारने वर्षाला ५० पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. मोकळं सोडलेलं मोकळंच राहतं, असंही नाही. बॉस्टनच्या जेम्स ॲम्ब्रोज कटिंगने १८५४ मध्ये अमेरिकेत कोलोडियनच्या सुधारणांवर पेटंटं घेतली. त्यातलं ब्रोमाइडचं पेटंट १८६८ मध्ये मुदतवाढ नाकारली जाईपर्यंत तिथल्या छायाचित्रकारांच्या मानेवर बसलं होतं. तरीही आर्चरच्या वाटेने जाणारे निघाले. ईथरच्या वाफांनी प्रकृती बिघडलेल्या डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती छापून मोकळी केली. पुढची सगळी फिल्म त्या जिलेटिनवर उभी राहिली, आणि मॅडॉक्सलाही म्हातारपणी इतरांच्या मदतीवर राहावं लागलं.

लंडनमध्ये लारोशचा खटला उभा राहण्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी ही नावं तिच्याशी जोडलेली आहेत. नारायण दाजींनी स्वतः पुष्कळ छायाचित्रं काढली. त्यांतली काही १८५७ मध्ये कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडली गेली. दख्खनच्या उन्हात कोलोडियनपेक्षा टॅल्बटचा कागद कधी कधी सोयीचा पडे: ईथर उडून जाण्याची भीती नाही, काचांचं ओझं नाही, अंधारतंबू पाठीवर वाहायला नको. १८५५ मध्ये कंपनी सरकारने मुंबई तोफखान्याच्या कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंची चित्रं काढायला पाठवलं, तेव्हा त्याच्याबरोबर कागदी निगेटिव्हच होत्या.

त्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्यांत हरिचंद्र चिंतामण हे एक होते. शिकून झाल्यावर त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. संस्थानिक, विद्वान, व्यापारी, सामान्य गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर येऊन बसत, आणि ते पैसे घेऊन त्यांचे चेहरे टिपत. टॅल्बटने १८५२ च्या पत्रात मागे ठेवलेलं काम ते हेच.